तिसऱ्या ओळीचं पाणी

नवसाबाई भोर यांनी सव्वीस वर्षं सिमेंटला पाणी मारलं. दुसरं काम त्यांनी कधी केलं नाही, आणि कुणी देऊ केलं तरी घेतलं नाही. गंगापूर रोडला, इंदिरानगरला, पाथर्डी फाट्याला ज्या इमारती आज रंग लावून उभ्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ बाईंनी ओल्या असताना पाहिलेल्या आहेत. इमारतीच्या दाराशी बिल्डरचं नाव असतं, आर्किटेक्टचं असतं, नारळ फोडायला आलेल्या पुढाऱ्याचं तर असतंच असतं. पाणी मारणारीचं नसतं. याबद्दल बाईंची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी आहे, आणि तीही उशिरा सुचलेली.

मी रंगनाथ. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाचं साहित्य तपासणारी एक खासगी प्रयोगशाळा आहे, तिथे मी एकवीस वर्षं नोकरीला आहे. लोक विटा, सळया, काँक्रीटचे ठोकळे आणून देतात. आम्ही ते दाबतो, ओढतो, मोडतो आणि कितीला मोडलं ते लिहून देतो. माझा स्वभाव तुसडा आहे असं घरचे म्हणतात. दिवसभर चांगल्या वस्तू मोडत बसणाऱ्याचा स्वभाव आणखी कसा असायचा?

काँक्रीट वाळून घट्ट होतं, असा बऱ्याच शिकलेल्या लोकांचा समज असतो. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. ओतल्यापासून निदान सात दिवस, खरं तर दोन-तीन आठवडे, ते ओलं ठेवावं लागतं. कॉलमला बारदान गुंडाळून ते भिजवत राहायचं. स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करायचे आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं. नवसाबाई घोटीजवळच्या एका खेड्यातल्या, भाताच्या खाचरांत वाढलेल्या. त्यांच्या वाफ्यांत पाणी सगळीकडे सारखं असायचं, बोटाचं एक पेर, ना कमी ना जास्त. "बाई, स्लॅबवर भात लावता का काय?" असं मुकादम चेष्टेनं विचारायचे. बाई म्हणायच्या, "लावला असता, पण तुमचा सायेब त्याचं बी भाडं घेईल."

त्यांचा नवरा गोटीराम सेंट्रिंगचं काम करायचा. तो खालून फळ्या ठोकायचा, त्यावर स्लॅब ओतला जायचा आणि त्यावर बाई पाणी मारायच्या. एकाच इमारतीवर वर्ष वर्ष काम करून दोघांची दिवसा गाठ पडायची नाही, असं बाई सांगायच्या. "तो खालच्या बाजूनं, मी वरच्या बाजूनं. मधी स्लॅब." नऊ वर्षांपूर्वी गोटीराम काविळीनं गेला. बाईंनी तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी काम धरलं, कारण चौथ्या मजल्याचा स्लॅब तीन दिवसांपूर्वीच ओतला होता आणि मुकादमानं पाण्याला जो माणूस लावला होता, तो बाईंच्या मते पाणी मारत नव्हता, नुसतं शिंपडत होता.

काँक्रीट तहानलंय का नाही, हे त्या हाताच्या मागच्या बाजूनं ओळखायच्या. आमच्याकडे त्यासाठी एक यंत्र आहे. पुढे बाई आमच्याकडे आल्यावर मी एकदा दोघांची परीक्षा घेतली. दहा ठोकळ्यांपैकी नऊंना यंत्राचं आणि बाईंचं जमलं. दहाव्याला जमलं नाही तेव्हा मी यंत्र उघडून पाहिलं, तर त्याची बॅटरी उतरली होती.

पण गुडघ्यांनी दगा दिला. पाच-पाच मजले चढणं होईना. तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस त्या आमच्याकडे आल्या. आमच्याकडे ठोकळे बुडवून ठेवायचा मोठा हौद आहे. ठोकळे आत टाकायचे, तारखेला बाहेर काढायचे, पुसायचे, एवढं काम, आणि चढायला असेल तर गच्चीचा जिना. आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, सांगितलं, "तीन महिने बघू. ठीक वाटलं तर फेब्रुवारीपासून कायम करू." बाईंनी याच्याकडे जसे डोळे लावले तसे मी कुणाला प्रमोशनकडेही लावलेले पाहिले नाहीत. कायम झालं की पुन्हा साइटवर चढायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी स्नेहल मॅडमनी एक काम आणलं. स्नेहल मॅडम आमच्या इंजिनिअर, वय असेल एकोणतीस, कामाला चोख, आणि सगळ्यांना काका-मावशी करून कामाला लावण्यात आणखी चोख. एका कंपनीनं एक पूड धाडली होती. साखरेसारखे दाणे, पण पाण्यात टाकले की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टम्म फुगतात. लहान मुलांच्या डायपरमध्ये असतात तेच हे, थोडे वेगळे. काँक्रीट कालवताना हे दाणे त्यात टाकायचे. पुढे काँक्रीटला बारीक चीर गेली आणि तिच्यात पाणी शिरलं, की दाणे फुगून चीर दाबून धरतात. मग साठवलेलं पाणी हळूहळू सोडतात, आणि आत जे सिमेंट न भिजता राहिलेलं असतं ते त्या पाण्यानं जागं होतं. चिरेच्या दोन्ही कडांवर पांढरा चुना चढतो आणि चीर आपोआप भरते. इथवर सगळं खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पण कंपनीचं म्हणणं याच्या पुढचं होतं. त्यांच्या दाण्यांना वरून पाणी द्यायची गरजच नाही, हवेतला ओलावा पुरतो, असा त्यांचा दावा होता. तो आम्हाला तपासायचा होता.

मॅडमनी छत्तीस लाद्या ओतून घेतल्या. आत जाळी, म्हणजे वाकवलं तर तुटणार नाहीत, नुसत्या चिरतील. महिनाभर मुरल्यावर मी प्रत्येक लादी यंत्रात घालून केसाएवढी चीर पाडली. मग गच्चीवर तीन ओळी मांडल्या. पहिल्या ओळीत साध्या लाद्या, त्यांना रोज पाणी. दुसऱ्या ओळीत पुडीच्या लाद्या, पाणी अजिबात नाही. तिसऱ्या ओळीत पुन्हा साध्या लाद्या, त्यांनाही पाणी नाही, म्हणजे ताळा बघायला. अठ्ठावीस दिवसांनी चिरा मोजायच्या. बाईंनी पहिल्या ओळीला पाणी मारायचं आणि त्या वेळी मी शेजारी उभं राहायचं, असं मॅडमनी ठरवून दिलं. मी तीन दिवस उभा राहिलो. जानेवारीत आमच्या गच्चीवर सकाळी जो वारा सुटतो, तो ज्यानं अनुभवला आहे तो मला दोष देणार नाही. चौथ्या दिवसापासून मी खालीच चहा घेऊ लागलो आणि वहीत "पाणी दिले, समक्ष" असं लिहू लागलो.

गच्चीवर नळ नव्हता. बाई खालच्या हौदातून दोन बादल्या वर न्यायच्या. पहिल्या ओळीला दीड बादली पुरायची. उरायची अर्धी.

आता, साइटवर पाणी मारणाऱ्यांची एक रीत आहे. वर चढवलेलं पाणी खाली आणायचं नाही. चार मजले खांद्यावर वाहिलेलं पाणी कोण परत उतरवेल? उरलं तर ते जवळच्या कुठल्याही काँक्रीटवर ओतून मोकळं व्हायचं. कुठलंही काँक्रीट त्याला नको म्हणत नाही. बाईंनी पहिले दोन-तीन दिवस ती अर्धी बादली खाली आणली. मग मोरीच्या तोंडाशी नेली, पण चांगलं पाणी गटारात ओतायला त्यांचा हात वळेना. मग एके दिवशी जिन्याकडे येता येता त्यांनी ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवरून उडवून दिली. त्यांच्या लेखी ते पाणी मारणं नव्हतंच. पाणी मारणं म्हणजे वेळ देऊन, सगळीकडे सारखं. हे तर बादली रिकामी करणं होतं.

हे मला माहीत आहे, कारण मी ते पाहिलं. साधारण बारावा दिवस असेल. मी सही घ्यायला मॅडमना शोधत गच्चीवर गेलो, आणि बाईंच्या बादलीतून पाण्याचा एक पट्टा निघून दोन्ही ओळींवर पडला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे पाहिलं. लाद्यांवर आधीचेही ओघळ वाळलेले दिसत होते, म्हणजे हे आजचं नव्हतं. तिथल्या तिथे मी बोललो असतो तर चाचणी पहिल्या दिवसापासून धरावी लागली असती, आणि मॅडमनी पहिला प्रश्न मला विचारला असता, की काका, तुम्ही कुठे होता? मी तसाच खाली आलो. वहीत शेऱ्याचा एक रकाना असतो. त्यात मी काहीही लिहिलं नाही.

अठ्ठावीस दिवस भरले. मॅडम आणि मी भिंग घेऊन बसलो. पहिली ओळ भरलेली, ते अपेक्षितच होतं. दुसरी ओळ सुरेख भरलेली, प्रत्येक चिरेवर पांढरी रेघ. साहेब उभ्या उभ्याच कंपनीला फोन लावायला निघाले. मग तिसरी ओळ. तिच्या चिराही बऱ्यापैकी भरलेल्या.

"काका, हिला पाणी लागलं होतं का?" मॅडमनी विचारलं.

"दव पडत असेल," मी म्हणालो.

"दवानं एवढं?"

मी खांदे उडवले. साहेबांना मात्र त्यात अडचण दिसेना. ते म्हणाले, "दुसरी ओळ पास झाली ना? आपल्याला तिसरीचं कुणी विचारलंय? अहवालात घालूच नका." मॅडमना ते पटलं नव्हतं, पण कंपनीचा माणूस दुपारी यायचा होता. आणि कारण सापडत नसेल तर माणूस शेवटी सही करतो.

दुपारी बाई केबिनमध्ये चहा घेऊन आल्या. मी तिथेच होतो. मॅडम अहवाल चाळत होत्या.

"ही पूड कुठं घालणार मंग?" बाईंनी सहज विचारलं.

"नांदगावकडे एक गाव आहे मावशी, तिथल्या पाण्याच्या टाकीत. तिथे टँकरनं पाणी येतं. टाकीला चिरा गेल्या तर भिजवायला पाणी कुठून आणणार? ही पूड असली की पाणी न देता चिरा भरतात, हे आपल्या चाचणीत निघालंय."

"पानी न देता?"

"हो. दुसरी ओळ कोरडीच होती ना."

बाई ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. मला त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं समजलं, कारण मला आधीच सगळं माहीत होतं. फेब्रुवारी दोन दिवसांवर होता. त्या तशाच बाहेर गेल्या असत्या तर कायम झाल्या असत्या, मॅडमनी सही केली असती, आणि नांदगावच्या त्या गावात लोकांनी टाकी कोरडी सोडून दिली असती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, जा आता बाहेर. हे मी लिहितोय म्हणजे ते चांगलं होतं असं नाही.

"म्याडम, ती कोरडी नव्हती," बाई म्हणाल्या. "उरल्यालं पानी मी त्या वळीवर टाकायचे. दुसऱ्या बी आन् तिसऱ्या बी. रोज. मला वाटलं, एवढ्याशानं काय व्हतंय. पन त्या टाकीला कोन टाकनार?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. साहेबांना आवाज गेला असावा, ते आत आले. ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. "मुद्दाम केलंस तू! पूड चालली तर तुम्हा बायकांना कोण विचारणार, म्हणून!" बाईंना पूड नापास करायची असती तर त्यांनी पाणी घालून ती पास कशाला केली असती, एवढं साहेबांच्या डोक्यात आलं नाही. रागात माणसाचं गणित कच्चं होतं.

"मुद्दाम नाय सायेब. हाताची सवय."

"पण मावशी, काका असायचे ना शेजारी?" मॅडमनी विचारलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. त्या एका क्षणात मला बोलता आलं असतं.

"भाऊंना काय म्हाईत नाय," बाई म्हणाल्या. "ते खाली उतरल्यावर टाकायचे मी."

त्या संध्याकाळी साहेबांनी बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मॅडम भांडल्या. खरं बोलणाऱ्या माणसाला काढून कसं चालेल, असं त्या साहेबांना सगळ्यांदेखत म्हणाल्या. साहेब म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त. बाईंनी हौदातले त्या तारखेचे ठोकळे काढून, पुसून, ओळीनं लावून ठेवले आणि गेल्या.

चाचणी नव्यानं सुरू झाली. पुन्हा लाद्या, पुन्हा चिरा, पुन्हा गच्ची. या वेळी मॅडमनी चौथी ओळ वाढवली, पुडीच्याच लाद्या, पण आठ दिवसांतून एकदा पाणी. आणि पाणी मारायचं काम साहेबांनी माझ्यावर घातलं. सहाव्या दिवशी माझ्या हातात अर्धी बादली उरली. मी ती मोरीपर्यंत नेली आणि खरं सांगतो, माझा हात वळेना. दोन जिने वाहून आणलेलं स्वच्छ पाणी. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. मग बादली घेऊन खाली उतरलो, हौदात ओतली आणि तसाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

मी सगळं सांगितलं. गच्चीवर उभा राहत नव्हतो ते, बाराव्या दिवशी पाहिलं ते, दवाचं खोटं बोललो ते. मॅडम ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या वही पुढे सरकवून म्हणाल्या, "शेऱ्यात लिहा. आजची तारीख टाकून लिहा." मी लिहिलं. साहेबांनी मला एक लेखी समज दिली, तिची एक प्रत माझ्या फायलीत लागली आणि विषय संपला. बाईंना परत बोलवा असं मॅडम म्हणाल्या, मीही म्हणालो. हौदावर तोपर्यंत दुसरा माणूस आला होता.

पुडीचं जे निघालं ते असं. कोरड्या ओळीतल्या चिरा जवळजवळ होत्या तशाच राहिल्या, आपल्याकडच्या कोरड्या हवेत दाण्यांना प्यायला काही मिळालंच नाही. पण आठ दिवसांतून एकदा पाणी दिलेल्या ओळीतल्या चिरा रोज पाणी दिलेल्या साध्या लाद्यांपेक्षाही चांगल्या भरल्या. म्हणजे पूड चांगली आहे, तिला पाणी थोडं लागतं, पण लागतं. मॅडमनी तसंच लिहून दिलं. कंपनीनं तोंड वाकडं केलं आणि घेतलं. नांदगावच्या टाकीच्या कागदावर आता आठवड्याला पाणी देण्याची अट आहे.

हे बाईंना सांगायला पाहिजे, असं मी एप्रिलभर घोकत होतो. शेवटी एका रविवारी पाथर्डी फाट्याच्या एका साइटवर त्यांचा पत्ता लागला. तिसऱ्या मजल्यावर होत्या. मी चढून गेलो तेव्हा मलाच धाप लागली होती. त्या स्लॅबच्या कडेला बसून हातानं वाफ्याचा बांध नीट करत होत्या. उठायला त्यांनी जमिनीला दोन्ही हात टेकले, आणि तरी लगेच उठता आलं नाही.

"बसा, बसा," मी म्हणालो आणि मीही शेजारी बसलो. पुडीचं सांगितलं, नांदगावच्या अटीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मग मी विचारलं, "त्या दिवशी केबिनमध्ये माझं नाव का नाही घेतलंत?"

"घेऊन काय करू? तुम्ही बघितलं, बोलला नाय, मला वाटलं चालतंय. पन इचारायला पायजे व्हतं म्या. ती चूक माझीच."

"चूक माझी होती. मी मॅडमना सांगितलं सगळं, नंतर. बाराव्या दिवशी पाहिलं होतं तेही."

बाईंचा हात बांधावर थांबला. "मंग? काढलं का काय तुम्हाला?"

"नाही."

"खरंच?"

"नाही काढलं. कागदावर समज दिली नुसती."

"बरं झालं माय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. त्यात टोमणा नव्हता, मी शोधला. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मला वाटलं नसतं, हे त्या तिसऱ्या मजल्यावर बसून मला स्वच्छ कळलं.